करंट कुठवर येते

माझं काम लोकांना धीर देण्याचं आहे. पुण्यातल्या एका कंपनीसाठी मी मेहकर तालुक्यातल्या डोणगावात बसून तक्रारींना लेखी उत्तरं देते. तक्रारी लॅपटॉपच्या असतात. चालू होत नाही, चार्ज होत नाही, कालपर्यंत चांगला होता. कंपनीने आम्हाला बारा पायऱ्यांची यादी दिली आहे. पहिली पायरी म्हणजे, चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावला आहे का आणि बटण दाबलं आहे का, असं विचारणं. या प्रश्नावर काही लोक चिडतात. काही लोक गप्प होतात आणि पाच मिनिटांनी फक्त 'थँक्यू' लिहितात.

या कामात मला माणसांबद्दल जे काही कळलं ते एका ओळीचं आहे. 'मी काहीच केलं नाही' असं ज्याने लिहिलं, त्याने काहीतरी केलेलं असतं. काय केलं ते तो आठव्या पायरीला सांगतो. आठवी पायरी 'उपकरणावर काही सांडलं होतं का' ही आहे आणि ती सौम्य शब्दांत विचारायची असते.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं दुकान आहे. ते विहिरीवरच्या मोटारी भरतात, म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळून देतात. तालुक्याच्या या भागात पाणी उपसायची मोटार जळाली की लोक डॉक्टरकडे न्यावी तशी बाबांकडे आणतात आणि डॉक्टरला विचारावं तसंच विचारतात, वाचते काय. मागच्या खोलीत माझं टेबल आहे. पुढे हातोडी चालते, वार्निशचा वास येतो, शेतकरी एकमेकांशी शेताच्या दोन टोकांना उभं राहून बोलावं तसं बोलतात. माझं काम लेखी आहे ते बरं. तोंडी असतं तर ग्राहकांना वाटलं असतं, त्यांचा लॅपटॉप कोणी हातोडीने दुरुस्त करतंय.

तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी पुण्याहून तेरा दिवसांसाठी आले होते. लॅपटॉप सोबत आणला होता. चौदाव्या दिवशी मी बॅग भरली नाही आणि बाबांनी विचारलं नाही. झालं. माझ्या मते मी बाबांसाठी राहिले. बाबांच्या मते, म्हणजे दुकानात बसणाऱ्यांना ते जे सांगतात त्यावरून, पोरीला पुण्यात करमत नव्हतं म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. या दोन गोष्टी तीन वर्षं एका छपराखाली राहिल्या आणि त्यांची कधी गाठ पडली नाही. सुरुवातीला मी दोनदा म्हटलं होतं, बाबा, तुम्हीच पुण्याला चला. दोन्ही वेळा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांचे कान ठणठणीत आहेत. मोटारीचा आवाज ऐकून कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगतात.

यंदा कंपनीचं घरून काम करणाऱ्यांवरून मन उडालं होतं. पावसाळ्यात एकदा आमची लाइन सबंध दिवस गेली, इन्व्हर्टर दमला आणि मी कामावर नव्हते. मग रस्ता खोदणाऱ्यांनी इंटरनेटची केबल तोडली, तेव्हाही नव्हते. माझी वरिष्ठ माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान आहे आणि फार गोड बोलते. तिने लिहिलं, "ताई, तिसऱ्यांदा झालं तर मला वर सांगावं लागेल, आणि मग तुम्हाला इथे यावंच लागेल हं." त्या 'हं'वर माझी नोकरी लटकत होती. दसऱ्यानंतर एक दिवस सोडून सकाळी दहाला वरच्या साहेबांची बैठक होती. घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने तिथे कंपनीच्या लॅपटॉपवरूनच पडद्यावर हजर असायचं, फोन चालणार नव्हता, मग ते ठरवणार होते की घरी कोणाला राहू द्यायचं.

हे मी बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते 'जा मंग' म्हणाले असते, आणि इतक्या सहज म्हणाले असते की मला राग आला असता. मला जायचं नव्हतं. आईच्या मागे या माणसाने चुलीपाशी एकट्याने बसून भाकरी खावी, हे मला चालणार नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, मलाही पुण्याच्या त्या खोलीत एकटीने खायची नव्हती.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आई होती तोवर तीच करायची. ती गेली त्या वर्षी सण नव्हता, मग दोन वर्षं मी केली. यंदा बाबा म्हणाले, "या साली मी करतो." त्यांनी आंघोळ करून धोतर नेसलं, दुकानात पाट मांडला, त्यावर तार गुंडाळायचं मशीन, पक्कड, हातोडी, मीटर, टेस्ट लँप असं सगळं ओळीने लावलं. मग माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "तुहं हत्यार आण."

मी लॅपटॉप दिला. आई त्याच्या झाकणाला नुसतं कुंकवाचं बोट लावायची. बाबांनी तो पुस्तकासारखा बंद करून, आखूड कडेवर उभा, मशीन आणि हातोडी यांच्या मध्ये ठेवला. पूजा त्यांनी मन लावून केली. आई चिमटीने वाहायची, बाबांनी मुठीने वाहिलं. फुलं, हळद, कुंकू, अक्षता, कशातही कंजुषी नव्हती. नारळ फोडला, आपट्याचं पान माझ्या हातावर ठेवलं आणि मला नमस्कार करू दिला. मी लॅपटॉप फडक्याने पुसून घेतला. कडेला कुंकू लागलं होतं, ते गेलं नाही, म्हटलं राहू दे.

त्या संध्याकाळी गच्चीवर बसून मी बॅटरी संपेपर्यंत काहीबाही पाहत बसले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी चार्जर लावला. भोकाशेजारी एक बारीक केशरी दिवा लागतो, तो लागला नाही. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, जरा लाडाने. काही नाही.

मग मी व्यवसायाला जागून पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. चार्जर भिंतीला लावला आहे का. आहे. बटण चालू आहे का. आहे. या प्रश्नाने माणूस का चिडतो ते मला इतक्या वर्षांनी कळलं. दुसरं सॉकेट पाहिलं. जोडलेल्या सगळ्या वस्तू काढल्या. चालू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरलं आणि आकडे मोठ्याने मोजले, कारण आम्ही ग्राहकांना तसंच सांगतो. पायऱ्या चढत आठवीला आले. उपकरणावर काही सांडलं होतं का. मी स्वतःला सांगितलं, मी काहीच केलं नाही.

फोनवरून कंपनीच्या मदत विभागाला लिहिलं. त्यांनी तत्परतेने बारा पायऱ्यांची मराठी यादी पाठवली. तिचं भाषांतर मीच केलेलं आहे. वर लिहिलं होतं, 'कृपया घाबरून जाऊ नये.' हे वाक्य मी कोणत्या तोंडाने लिहिलं असेन, देव जाणे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते हेच. बाराही पायऱ्या झाल्या म्हटल्यावर त्यांनी कळवलं की लॅपटॉप उघडू नये, स्क्रूवरचा कागद फाटला तर जबाबदारी माझी. दुसरा लॅपटॉप कुरिअरने यायला दहा दिवस लागतील, किंवा पुण्याच्या ऑफिसातून कधीही घेता येईल. खाली माझ्या वरिष्ठेची एक ओळ होती. "उद्या दहाला दिसलात तर उत्तमच, नाहीतर या इकडेच!" शेवटी हसरं तोंड काढलं होतं.

मी पुढच्या खोलीत गेले. बाबा एका मोटारीचं पोट रिकामं करत होते.

"बाबा, लॅपटॉप चालूच नाही होऊन राह्यला."

त्यांनी मान वर केली नाही. "करंट कुठवर येते?"

बाबांना हा एकच प्रश्न येतो. मोटार बंद, पंखा बंद, मिक्सर बंद, काहीही बंद असो. खांबापासून निघायचं आणि करंट कुठवर येतो ते एकेक टप्प्याने पाहत जायचं. जिथे यायला हवा आणि येत नाही, तिथे रोग. ते टेस्ट लँप घेऊन आले. लाकडी होल्डरमध्ये एक जुना पिवळा बल्ब आणि दोन उघड्या वायरी, एवढंच ते यंत्र आहे. वायरी माझ्या सॉकेटमध्ये घातल्या. बल्ब लागला.

"इथवर येते," ते म्हणाले. "आता तो डबा दे." डबा म्हणजे चार्जर.

इथे मी चूक केली. मला घाई होती, भीती होती, आणि त्या बल्बचा उजेड माझ्या लॅपटॉपवर पडला तो मला अपमानासारखा वाटला. मी म्हटलं, "बाबा, हे मोटारीचं काम नोहे."

त्यांनी वायरी गुंडाळल्या, बल्ब खिळ्याला अडकवला आणि विचारलं, "मंग कोनाचं काम हाये?"

"मेहकरले दाखवू."

"चाल."

त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि मोटारसायकल काढली. लॅपटॉप मी पोटाशी धरून मागे बसले. वाटेत सोयाबीनचे ढीग, मळणी यंत्रं, रस्त्यावरच वाळत घातलेले दाणे. बाबा एकेका ढिगाला वळसा घालून चालवत होते आणि मी मनात तास मोजत होते.

मेहकरचं दुकान चांगलं काचेचं होतं. दुकानदार झेरॉक्स काढता काढता लॅपटॉपही पाहत होता. त्याने आपला चार्जर लावला. दिवा लागला नाही. माझा चार्जर दुसऱ्या लॅपटॉपला लावला. तिथे लागला. त्याने दोन्ही हात झटकले.

"चार्जर चांगला हाये मॅडम. म्हंजे बोर्ड गेला. मदरबोर्ड."

"न उघडता कळलं?"

"दुसरं काय राह्यलं सांगा बरं आता. अकोल्याले पाठवा लागन. आठ दिवस ठेवून जा."

त्याचं बोलणं इतकं तर्काला धरून होतं की मला त्यात शिरायला जागाच सापडेना. मीही ग्राहकांना अशीच उत्तरं देत असते. बाबा काउंटरला टेकून त्या भोकाकडे पाहत होते. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "पिन पुरी जाते काय आत?" तो म्हणाला, "जाते ना काका. आता किती जाईन!" आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं आधार कार्ड मशीनवर ठेवलं.

आम्ही स्टँडसमोर चहा घेतला. तिथे मी बाबांना सगळं सांगितलं. दोनदा झालंय, हे तिसरं, उद्या दहाला दिसले नाही तर पुण्याला जावं लागेल, आणि एकदा गेले की परत येणं व्हायचं नाही. सांगताना माझा आवाज चढला, कारण मला वाटत होतं ते आता 'जा मंग' म्हणतील आणि मला त्याआधी बोलून घ्यायचं होतं.

बाबांनी बशीतला चहा संपवला. बशी कपावर पालथी ठेवली.

"उद्या दहाले?"

"हो."

"आता चार वाजले. चाल."

बस, एवढंच. मला राग आला. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. तीन वर्षं ज्याच्या भाकरीला मी तूप लावलं, त्या माणसाला मी असण्या-नसण्याचं काही वाटतं की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. परतीच्या रस्त्यात मी त्यांच्या पाठीशी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही, कारण ते स्वतःही बोलत नव्हते.

घरी आलो तर दुकानाच्या बाकावर एक शेतकरी बसलेला. त्याची पाच एचपीची मोटार दोन दिवसांपासून आमच्याकडे होती. त्याला हरभऱ्यासाठी रान भिजवायचं होतं आणि या आठवड्यात त्यांच्या फीडरला रात्रीऐवजी दिवसाची लाइन होती. दिवसाची लाइन म्हणजे काय ते शेतकऱ्यालाच कळतं. बाबा अशा वेळी जेवण सोडतात, पण मोटार देतात.

"झाली काय हो?" त्याने विचारलं.

"आज नाही होत," बाबा म्हणाले.

त्या माणसाने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं घरात काही वाईट झालं. "काऊन? काय झालं?"

"पोरीचं मशीन बंद हाये."

शेतकरी उठला नाही. आपली मोटार ज्यापायी अडली ते मशीन आहे तरी काय, हे पाहायचा त्याला हक्क होता. मी मागे जाऊन भाकरीचं पीठ मळलं, कारण दुसरं काय करावं सुचत नव्हतं. बाबा दारात कोणाशी तरी फोनवर बोलत होते. मी परत आले तेव्हा त्यांनी कामाच्या टेबलावरचं शेतकऱ्याच्या मोटारीचं सगळं आवरून टेबल पुसलं होतं आणि त्यावर वर्तमानपत्र पसरलं होतं. हे टेबल मी आजवर कधी पुसलेलं पाहिलं नव्हतं.

"डबा दे," ते म्हणाले. या वेळी मी दिला.

चार्जर लावला, मीटरची एक सुई पिनेच्या आत घातली, दुसरी बाहेरून टेकवली. आकडा एकोणीसच्या पुढे जाऊन थांबला. "इथवर येते."

शेतकरी म्हणाला, "माह्या पुतन्याचा मोबाईल हौदात पडला व्हता. तांदळाच्या डब्यात ठेवला दोन दिवस, तं झाला चालू. यालेही तांदूळ द्या."

मी त्याला सांगितलं की आमच्या बारा पायऱ्यांमध्ये तांदूळ कुठेच नाहीत. तो म्हणाला, मंग तुमच्या पायऱ्या कच्च्या हायेत.

बाबांचं लक्ष नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, आता आतलंच राह्यलं. अन् उघडाचं नाही, कागद लावेल हाये."

"उघडते कोन?"

त्यांनी जुन्या तारेच्या गुंडीतून वीतभर बारीक तांब्याची तार तोडली, सरळ केली आणि चार्जिंगच्या भोकात मधल्या काडीच्या बाजूने हळूच टेकेपर्यंत सोडली. जिथे भोक संपलं तिथे तारेवर नखाने खूण केली. तार बाहेर काढून चार्जरच्या पिनेशेजारी धरली. मग चष्मा वर करून, तार आणि पिन दोन्ही डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग मला दाखवलं.

पिन लांब होती. खूण तिच्या अलीकडे होती. फार नाही, ज्वारीच्या दाण्याएवढी अलीकडे.

"भोक उथळ हाये," बाबा म्हणाले. "पिन पुरी जातच नाही. तो दुकानवाला जाते म्हने."

मला हे बारा पायऱ्यांत सुचलं नव्हतं, काचेच्या दुकानाला सुचलं नव्हतं. भोकाची खोली मोजायची, एवढंच. काखेत कळसा आणि मेहकरला वळसा.

बाबांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि मोटारीच्या पत्र्यावरचे पुसट आकडे वाचायचं त्यांचं भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं. मग तारेचं टोक पकडीने वाकवून बारीकसा आकडा केला आणि भोकात घातला. मी श्वास धरला होता. शेतकऱ्यानेही धरला होता, त्याची तर मोटार अडली होती. दोनदा आकडा रिकामाच आला. तिसऱ्यांदा त्यांनी तो जरा फिरवून ओढला आणि वर्तमानपत्रावर काहीतरी लाल पडलं.

तांदळाची कणी होती. अर्धा तुटलेला दाणा. कुंकवात भिजून वाळलेला, एका बाजूने पिनेने दाबून चपटा झालेला.

बाबांनी ती कणी बोटाच्या टोकावर घेतली. काल सकाळचा तो पाट मला दिसला, आखूड कडेवर उभा केलेला लॅपटॉप, वरच्या बाजूला आलेलं ते भोक आणि मुठीने पडणाऱ्या अक्षता. बाबांनाही तेच दिसत असणार.

शेतकरी पुढे वाकला. "तांदूळच व्हय ना हा?" आणि माझ्याकडे वळून विजयाने म्हणाला, "मी म्हनलो नोहतो?"

"माह्या हातचा हाये," बाबा म्हणाले. "कालचा. म्याच घातला."

इतकी वर्षं मी या धंद्यात आहे. हजारोंशी बोलले असेन. 'हे मीच केलं' असं म्हणणारा मला भेटलेला हा पहिला माणूस. त्यांनी आठव्या पायरीपर्यंतही वाट पाहिली नाही.

कणी त्यांनी फेकली नाही. पूजेची अक्षता पायाखाली येऊ देत नाहीत. आत जाऊन देवाजवळ ठेवून आले. मग भोकात फुंकर मारली, स्वच्छ ब्रशने झाडलं, पुन्हा तार घालून खोली मोजली, पिनेशी ताडून पाहिली आणि मला म्हणाले, "लाव आता."

मी चार्जर लावला. पिन सकाळी जिथे अडली होती तिथवर गेली आणि मग दाणाभर आणखी गेली. केशरी दिवा लागला.

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला नाही, टॉर्चही हातातच होता, तो माझ्याच तोंडावर. शेतकरी सभ्य माणूस, तो आपल्या मोटारीकडे पाहत बसला. बाबा म्हणाले, "इथवर येते आता." आणि मीटरच्या सुया पुसायला लागले.

"मी दुपारी बोलली, मोटारीचं काम नोहे म्हणून..." मी म्हटलं.

"नोहेच ना. मोटारीत तांदूळ नसते जात." त्यांनी वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं, शेतकऱ्याची मोटार परत टेबलावर घेतली आणि त्याला म्हणाले, "सकाळी ये. नऊच्या आत."

सकाळी नऊच्या आत शेतकरी मोटार घेऊन गेला. दहा वाजता मी केस विंचरून, पाठीमागे पांढरी भिंत येईल अशी बसून, बैठकीत दिसले. वरच्या साहेबांनी प्रत्येकाची मिनिट-दोन मिनिटं घेतली. माझ्या वेळेला वरिष्ठ म्हणाली, "ताई, लॅपटॉपला काय झालं होतं शेवटी?" मी म्हटलं, "किरकोळ होतं." साहेबांनी विचारलं, गावाकडे अशा गोष्टी दुरुस्त होतात का. मी म्हटलं, पुण्यापेक्षा लवकर होतात. ते हसले. बैठक संपताना त्यांनी सांगितलं, सध्या आहे तसंच चालू ठेवू, काही बदल झाला तर कळवू. म्हणजे मी राहिले.

लगेच कामाला बसले. पहिलीच तक्रार चार्ज न होण्याची होती. यादी बाजूला ठेवून मी लिहिलं, चार्जरची पिन पूर्ण आत जाते का, भोकात काही अडकलं आहे का, ते पाहाल का. पलीकडून उत्तर आलं, 'मी काहीच केलं नाही.' मी लिहिलं, आपल्यावर विश्वास आहे, तरी एकदा पाहा.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"ताई, ट्रॅव्हल्समधून बोलून राह्यलो. आज रातच्या गाडीच्या दोन शिटा हायेत तुमच्या, डोणगावहून पुण्यापरेंत. सामान किती हाये?"

मी म्हटलं, चुकीचा नंबर लागलाय. त्याने नंबर वाचून दाखवला. माझाच होता. म्हणाला, "मोटारी भरते ना, ते काका बोलले काल संध्याकाळी. म्हने पोरीच्या फोनवर कळवजो."

मी पुढे गेले. बाबा नव्या मोटारीच्या खाचांमध्ये तार भरत होते. एक वेढा, मग दुसरा, बोटाने चेपत. मी दारात उभी राहिले.

"ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन होता."

"हाव. रद्द कराचं राह्यलं पाह्य माह्याकून. तुहं झालं काय तिकडलं?"

"झालं. राहू देल्लं त्यायनं इथंच."

"बरं झालं."

"कवा सांगतल्या शिटा?"

"काल. तू पीठ मळून राह्यली व्हती तवा. मशीनले हात लावाच्या आंदी." त्यांनी खाचेवर बांबूची पट्टी बसवली आणि हातोडीने हलकेच ठोकली. "नसतंच झालं चालू तं? नोकरी कशाले जाऊ द्याची."

"पण दोन काऊन, बाबा?"

त्यांनी अशा नजरेने पाहिलं, जणू मी एखाद्या ग्राहकाला सॉकेटचं बटण दाबलं का असं विचारलंय.

"मंग तू काय एकटी जाशीन?"

मी जे सुचलं ते विचारलं.

"अन् दुकान?"

"मोटारी काय पुण्यात जळत नसतीन?" बाबा म्हणाले, आणि पुढच्या खाचेत तार घालायला लागले.